ओढकामासाठी जुनी डिझेल फोर-बाय-फोर

जुनी डिझेल फोर-बाय-फोर गाडी ओढकामासाठी घ्यायची, तर आधी ठरवायचे ते ओझे, गाडी नंतर. इंदूरमध्ये हा क्रम सहसा उलटा होतो. स्नेहलतागंजातल्या घरासमोर उभी राहील, रविवारी सिमरोल किंवा मानपूरकडच्या शेतावर जाईल आणि कधीमधी मागे दोन चाकांची ट्रॉली ओढेल अशी गाडी हवी, एवढ्यावरच शोध सुरू होतो. ट्रॉलीत काय जाणार, हे कोणी तोलून पाहत नाही. पाण्याचा पंप, पाइप आणि खताची पोती मिळून चार-पाचशे किलो सहज होतात. कॅनॉपीसकट २५ केव्हीएचा जनरेटर एकटाच टनाच्या आसपास जातो. त्यावर ट्रॉलीचे स्वतःचे वजन. भरलेली ट्रॉली एकदा धर्मकाट्यावर चढवून पाहिली, की यादीतल्या निम्म्या गाड्या आपोआप गळतात.

गाडी किती ओढते याची चौकशी सगळे करतात. किती थांबवते याची फार थोडे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर सगळा भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर येतो. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाचा निम्मा भाग, यांतला जो आकडा कमी तो लागू होतो. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा छापलेलीच नसते, त्यामुळे हाच आकडा पाळणे शहाणपणाचे. इंदूरहून दक्षिणेला निघाले की विंध्य उतरावा लागतोच. मानपूरच्या पुढचा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, खंडव्याच्या वाटेवर भेरूघाट आहे, आणि पुढे धुळ्याकडे जाताना सेंधव्याजवळ सातपुड्यातला बिजासन घाट. उतारावर मागचे ओझे गाडीला ढकलत असते. तेव्हा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाने रोखायची असते. पायाखालचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर ढिला पडतो.

ट्रॉलीतले सामान भरण्याचीही रीत आहे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. जड वस्तू मागे टाकली की हुकावरचा भार हलका होतो आणि साठच्या वेगालाच ट्रॉली शेपटी हलवू लागते. आखूड गाडीला हा त्रास जास्त. २०१० साली आलेल्या थारचा व्हीलबेस २,४३० मिलिमीटर, स्कॉर्पिओचा २,६८०, तर इसुझू व्ही-क्रॉसचा ३,०९५. मागे ओझे असताना लांब गाडी सरळ राहते. पण व्ही-क्रॉसची एकूण लांबी ५,२९५ मिलिमीटर आहे, आणि स्नेहलतागंजासारख्या जुन्या वस्तीत एवढी गाडी रोज रात्री कुठे लावायची, हा प्रश्न टॉर्कच्या आकड्यांपेक्षा कठीण आहे.

चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जास्त ओढते, हा समज खोटा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्हने ओढण्याच्या कामात काडीचा फरक पडत नाही. थार, स्कॉर्पिओ, सफारी, व्ही-क्रॉस या गाड्यांची यंत्रणा पार्ट-टाइम आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या धुरीमध्ये डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत हा फरक चाक थोडे घसरून भरून निघतो. डांबरावर तो निघत नाही आणि सगळा ताण प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्स्फर केसवर येतो. पहिल्या पिढीची, २००९ ची फोर-बाय-फोर फॉर्च्युनर मात्र फुल-टाइम होती, तिला मध्ये डिफरन्शिअल होते. माळव्याच्या काळ्या मातीत, पहिल्या जोरदार पावसानंतर, चिखल चाकाच्या नक्षीत भरून टायर गुळगुळीत होतो तेव्हा फोर-व्हीलची आणि त्याहून जास्त लो रेंजची किंमत कळते. लो रेंजमध्ये चाकावरचा जोर साधारण अडीच पट होतो आणि क्लच न जाळता भरलेली ट्रॉली बांधावरून वर काढता येते. ज्यांचे शेत डांबरी रस्त्याला लागून आहे, त्यांना यातले काही लागत नाही. विकणारा ते सांगणार नाही, एवढेच.

बाजारात मिळणाऱ्या गाड्यांत थार सीआरडीईचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर, १२० अश्वशक्तीच्या एमहॉक स्कॉर्पिओचा २९० च्या आसपास, सफारी २.२ डायकॉर आणि अडीच लिटरच्या व्ही-क्रॉसचा ३२०, जुन्या तीन लिटर फॉर्च्युनरचा ३४३. ३.२ लिटरची एंडेव्हर ४७० पर्यंत जाते. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा या गाडीचा कोणता भाग किती दिवसांत मिळतो हे सौद्याआधी विचारून घ्यावे. फोर्सची गुरखा दोन्ही धुऱ्यांच्या डिफ-लॉकमुळे चिखलात सगळ्यांच्या पुढे आहे, आणि कंपनीचा कारखाना इथल्याच पिथमपुरात आहे. डस्टर एडब्ल्यूडी या यादीत बसत नाही. तिला चासी नाही, मोनोकॉक बांधणी आहे आणि लो रेंजही नाही. प्रवासाला उत्तम, ट्रॉलीला नव्हे.

महूची छावणी जवळ असल्यामुळे लष्करी लिलावातून आलेल्या जिप्सी आणि जोंगाही इथे अधूनमधून दिसतात. जोंगा ही जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची गाडी. जिप्सीही मुळात पेट्रोलचीच. यांत कोणी डिझेल इंजिन बसवलेले असेल, तर ते आरसी बुकात चढवले आहे का, हे पाहावे. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाड्यांबाबत कडक भूमिका घेतली आहे. हौस म्हणून जोंगा ठेवणे वेगळे, कामाला लावणे वेगळे.

सर्वांत स्वस्त दिसतात त्या दिल्ली पासिंगच्या गाड्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्यानंतर तिथल्या गाड्या इतर राज्यांत पडत्या भावात येऊ लागल्या. “भिया, मक्खन गाड़ी है, बस एनओसी लगा के नाम करा लो,” असे दलाल सांगतो. त्या ‘बस’मध्येच खरे काम दडलेले असते. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर इथे पुन्हा नोंदवावी लागते आणि मध्य प्रदेशाचा कर नव्याने भरावा लागतो. विमा नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज द्यायचा असतो; तो राहिला आणि गाडी ठोकली, तर नुकसानीचा दावा अडकतो. गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर नोंदणी नूतनीकरणाचा खर्चही धरावा: १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. हा सगळा हिशेब मांडला की दिल्लीच्या गाडीची स्वस्ताई बरीच विरघळते. आणि हो, ट्रॉलीही कायद्याने वाहनच आहे, तिला वेगळी नोंदणी लागते. गल्लीतल्या वेल्डरकडून ती बनवून घेण्याआधी नायता मुंडल्याच्या आरटीओत चौकशी करावी.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असे मालकाला आदल्या दिवशी बजावावे. बॉनेटला हात लावून पाहावा. कोमट लागला तर काहीतरी लपवले आहे असे समजावे. इंदूरच्या डिसेंबरातल्या सकाळी थंड डिझेल इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलले, तर ग्लो प्लग, बॅटरी आणि कॉम्प्रेशन ठीक आहेत. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. तो मिनिटा-दोन मिनिटांत गेला पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. जोर दिल्यावर दाट काळा धूर आला तर नोझल, टर्बो किंवा हवेचा पाइप बघावा लागेल. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून नुसते ठेवावे. ते जागीच थरथरत राहिले तर ठीक. आतून धुराचा झोत येऊन उडू लागले तर रिंगा गेल्या आहेत आणि इंजिनाचे काम निघाले आहे. मग मिस्त्रीने कितीही ‘चालेल’ म्हटले तरी परत फिरावे.

त्यानंतर गाडीखाली शिरावे. ओढकाम केलेल्या गाडीची खूण मागे असते: हुकाच्या पट्टीभोवती चासीवर नवे वेल्डिंग, ताजा काळा रंग, पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ बारीक तडे. काळ्या रंगाखाली गंज असू शकतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जावे. पत्रा खाल्लेला असेल तिथे आवाज बसका येतो. किनारपट्टीची गाडी असेल तर ही परीक्षा दुप्पट कडक करावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि त्याआधीच्या वर्षी केरळात पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात जातात. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालची बारीक माती त्यांचा पत्ता देते. फोर-बाय-फोरमध्ये आणखी एक साक्षीदार असतो: ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शिअलचे ऑइल. ते दुधाळ निघाले तर आत पाणी शिरले आहे.

फोर-व्हीलची चाचणी कच्च्या जमिनीवरच घ्यावी. शहरातली फोर-बाय-फोर वर्षानुवर्षे टू-व्हीलमध्येच चालते, त्यामुळे शिफ्ट मोटर किंवा हब निकामी झाले तरी मालकाला पत्ता नसतो. फोर-एच लावल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा पेटला, एवढ्यावर समाधान मानू नये. लो रेंज लावून, पहिल्या गिअरमध्ये, मऊ मातीच्या चढावर पुढची चाके माती उडवतात का, ते बाहेर उभे राहून दुसऱ्या कोणी पाहावे. परत टू-व्हीलमध्ये आल्यावर पुढून कटकट येत राहिली तर हब सुटत नाहीत. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील, तर तो मालक ही यंत्रणा जाणत नव्हता. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडावा. इंजिन बंद पडायला हवे. चालूच राहिले तर क्लचप्लेट घसरते आहे, आणि ट्रॉली ओढणाऱ्याला तो खर्च टळत नाही. जुन्या तीन लिटर फॉर्च्युनरचा टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. बदलल्याचे बिल नसेल तर बदललेला नाही असेच धरावे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गात काजळी पकडणारा डीपीएफ असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग चालावी लागते. स्नेहलतागंज ते राजवाडा, राजवाडा ते पलासिया एवढ्याच फेऱ्या असतील तर तो तुंबतो. अशा वापराला २०१७ ते २०२० मधली बीएस-४ गाडी कमी त्रासाची.

आता ॲव्हरेज. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याची एक गाडी लिटरला दहा आणि दुसरी तेरा देत असेल, तर फरक २३१ लिटरचा. डिझेल ९२ रुपये धरले तर सुमारे एकवीस हजार. खराब टर्बो, इंजेक्टर किंवा ट्रान्स्फर केस निघाली तर ही वर्षभराची बचत एका फटक्यात जाते. म्हणून ॲव्हरेजवर गाडी निवडणे हा जुन्या डिझेलच्या बाबतीत चुकीचा हिशेब आहे. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच होणार असतील, तर मुळात डिझेलचा आग्रहच सोडावा.

ओझे पाचशे किलोच्या आत आणि रस्ता पक्का असेल, तर टू-व्हील-ड्राइव्ह बोलेरो किंवा स्कॉर्पिओ पुरते, आणि ती देखभालीलाही स्वस्त पडते. काळ्या मातीत खरोखर उतरायचे असेल, तर एका मालकाची, मध्य प्रदेशातच नोंदलेली, सर्व्हिसची बिले असलेली बीएस-४ स्कॉर्पिओ फोर-बाय-फोर घ्यावी. घरासमोर जागा असेल तर व्ही-क्रॉस. तशी गाडी या पावसाळ्याआधी मिळाली नाही तर पेरणीपुरता ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा आणि शोध पुढे चालू ठेवावा.