पंख्याला वेगळं बटण दे

देऊळघाट

चि. भाचेराव,


बल्बच्या पॉइंटवरूनच बाथरूमचा एक्झॉस्ट जोडला तर चालेल का, असं विचारलंयस. घरमालकाला भिंत फोडायची नाही, हेही कळलं. चालेल. लोडची काळजीच नको. नऊ वॅटचा एलईडी आणि तीस-चाळीस वॅटचा सहा इंची पंखा मिळून पाव अँपिअरही घेत नाहीत. बटण सहा अँपिअरचं असतं.

तरी जोडू नकोस. आपल्याकडे आंघोळी सकाळी, उजेडात होतात. लाईट कुणी लावत नाही, म्हणजे पंखाही फिरणार नाही. नाहीतर पंख्यासाठी भर दिवसा बल्ब जळेल. रात्री उलटं. माणूस बाहेर आला की सवयीने बटण बंद करतो आणि वाफ भिंतीवर बसलेली असताना पंखा थांबतो. आंघोळ झाल्यावरही तो दहा-पंधरा मिनिटं चालायला हवा. थंडीत आपल्या घाटावर भिंती गार असतात, ओल लवकर धरते. मग पोपडे आले की मालक म्हणणार, वायरमनने लावलेला पंखा कुचकामी आहे.

भिंत न फोडता वेगळं बटण देता येतं का ते आधी बघ. बोर्डापासून बल्बच्या पॉइंटपर्यंत पाईप आहेच. त्यात जागा असेल तर स्प्रिंग घालून दोन वायरी जास्तीच्या ओढ: पंख्याची हाफ वायर (बटणातून पुढे येणारी फेज) आणि, आधी नसेल तर, हिरवी अर्थिंगची. न्यूट्रल बल्बच्याच पॉइंटवरून घे. तिथून पंख्यापर्यंत वरून पट्टी मार. बोर्ड बाथरूमबाहेरच असू दे. जुन्या घरांत लाईटच्या पॉइंटला अर्थिंग बहुधा नसते, आणि पंख्याची बॉडी लोखंडी असेल तर ती टाळायची नाही, मालक कितीही कुरकुरला तरी.

पाईप गच्च भरला असेल आणि मालक अडून बसला, तर बल्बच्या हाफ वायरवरूनच घे. पण पंखा बल्बला समांतर जोड. सिरीजमध्ये गेला तर बल्ब मिणमिणेल, पंखा ढिम्म हलणार नाही. बटण फेजवर आहे ना, हे स्वतः तपास. कुणीतरी न्यूट्रल तोडलेला असला तर पंखा बंद दिसेल आणि आत करंट असेल. पाती पुसायला स्टुलावर चढलेल्या बाईला ते कसं कळणार?

दुसरं, ती लाईन इन्व्हर्टरवर आहे का ते विचार. असेल तर वीज गेल्यावर पंखाही बॅटरी खाईल, हे मालकाला आधीच सांग. न्यूट्रलही त्याच लाईनचा घे. शेजारच्या सर्किटचा उसना घेतलास तर आरसीसीबी पडत राहील आणि तू दिवसभर पंख्यातच फॉल्ट शोधत बसशील.

एमसीबी पाडल्यावर टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघ, मग कामाच्या वायरीवर. टेस्टरचाच दिवा गेलेला असला तर तो सगळीकडे बंदच दाखवतो. वायरमनचं परमिट हातात येईपर्यंत तुमच्या लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरला दाखवल्याशिवाय लाईन चालू करू नकोस.

बाथरूमच्या दाराखाली फट आहे का, ते मात्र तू लिहिलं नाहीस. हवा आत यायला वाटच नसेल तर पंखा नुसता घरघरेल. बघून कळव.

तुझा,
मामा