खोडात दडलेला पतंग

प्रश्न : आफ्रिकेतल्या एका दुर्मीळ सुतार पतंगाचे मोजकेच नमुने संग्रहालयांत आहेत, असे वाचले. चांगला थोराड पतंग, मग तो दिसत का नाही? आपल्याकडे असे पतंग असतात का?

उत्तर : संग्रहालयात नमुने थोडे म्हणून रानातही पतंग थोडेच, असे लगेच मानू नका. सुतार पतंग कॉसिडी कुळातले. आफ्रिकेतल्या या कुळातल्या कित्येक जाती एखाद-दुसऱ्या नमुन्यावरूनच ठाऊक आहेत, आणि त्याला त्यांची राहणीच कारणीभूत आहे. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी बाहेर पडली की खोड पोखरत आत शिरते. लाकडात कस तो किती असणार! त्यामुळे वाढ पुरी व्हायला तिला एकेक, दोन-दोन वर्षे लागतात. कोषावर काटे असतात. त्यांच्या आधाराने तो सरकत भोकाच्या तोंडाशी येतो, पतंग उडून जातो आणि रिकामी टरफले अर्धी बाहेर लोंबत राहतात. पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. थोडे दिवस, तेही रात्री, जोडीदार शोधायचा की संपले. त्या नेमक्या रात्री दिवा लावून बसलेला अभ्यासक तिथे हवा ना?

दक्षिण आफ्रिकेतल्या कोरिफोडेमा ट्रिस्टिसचेच पाहा. हा दुर्मीळ मुळीच नाही. ड्र्यूरी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच त्याचे वर्णन केले होते. तो तिथल्या रानझाडांतला, पुढे द्राक्षवेली आणि सफरचंदाच्या बागांनाही लागला. २००४ मध्ये मात्र म्पुमलांगा प्रांतात तो युकॅलिप्टस नायटेन्सच्या लागवडीत सापडला. झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे, कीड अस्सल आफ्रिकेची! झाडे आतून पोखरून निघाली तेव्हा वनसंशोधकांनी त्याच्याकडे नीट लक्ष दिले. मग मादीच्या गंधातले मुख्य रसायन ओळखले गेले आणि त्याचे आमिष लावलेल्या सापळ्यांत नर येऊ लागले. ज्या जातींनी कुणाचे नुकसान केलेले नाही, त्यांच्यासाठी असे सापळे कोण लावणार? माझ्या मते त्यांतल्या बऱ्याच जातींचा दुर्मीळपणा इतकाच आहे. अर्थात एखादी जात एकाच जंगलावर आणि एकाच झाडावर जगत असेल, तर ते जंगल तुटताच ती खरोखरच संपेल, आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

आपल्याकडे? कॉफीच्या खोडात शिरणारी तांबडी अळी याच कुळातली. तिच्या जवळच्या नात्यातली साल खाणारी अळी तर महाराष्ट्रातल्या बागाईतदारांच्या चांगल्या ओळखीची. पेरू, बोर, आंबा, शेवगा, काही वर्ज्य नाही. खोडावर भुसा आणि विष्ठा रेशमाने विणलेल्या वेड्यावाकड्या जाळ्या दिसल्या, की समजायचे. दिवसा ती भोकात असते, रात्री जाळीखालून साल कुरतडते. जाळी झाडून, भोकात तार घालून अळी मारायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा आणि चिखलाने तोंड बंद करायचे, हा जुना इलाज अजूनही चालतो.