ब्रश तोंडात घालू नकोस

पेण
आषाढ वद्य पंचमी

चिरंजीव अथर्व यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो गं आत्या, हो गं आत्या" म्हणतोस आणि दुसऱ्या हाताने काहीतरी घासत असतोस, ते मला ऐकू येतं. पॉलिश पेपरचा आवाज मला कळणार नाही का? म्हणून पत्र. पत्र वाचताना दोन्ही हात रिकामे ठेवावे लागतात.

गेल्या रविवारी अलिबागला बारशाला तुझ्या खोलीतल्या सोबत्याची आई वहिनीला भेटली. पोरगा रात्री दोन-तीनपर्यंत बाहुल्या रंगवत बसतो म्हणाली. खोलीत कसलं मशीन आणून ठेवलंय, त्याचा उग्र वास येतो. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून खिडकी उघडू देत नाही. आणि टोक काढायला ब्रश तोंडात घालतो. पहिल्या तीन गोष्टींवर वहिनीने रडून घेतलं. तुझे बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "ताई, तूच लिही त्याला. कर्ज काढून पाठवलाय तो प्लॅस्टिकचे शिपाई रंगवायला नाही." मी मात्र चौथ्या गोष्टीवरच अडकून बसले आहे. अभ्यासाबद्दल तुला बोलणारे घरात पुष्कळ आहेत.

अथर्व, तू ब्रश तोंडात घालतोस? खरं सांग.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. आत्या, हे ॲक्रिलिक, पाण्यातले रंग, डब्यावर बिनविषारी लिहिलेलं असतं. असेल. पण तुझ्या टेबलावर एकटा रंगच असतो का? तूच मला मागे फोटो पाठवून सगळं समजावलं होतंस. साच्याच्या रेषा कानशीने घासायच्या, त्याचा भुगा. ते पटकन चिकटणारं ग्लू. त्या मशीनमधलं पातळ राळेसारखं द्रव्य, जे अतिनील उजेडात धरेपर्यंत कच्चंच असतं आणि कच्चं असताना हाताला लागलं तर कातडी पेटते. हातमोजे घालून ते धुवायचं असतं हे तूच सांगितलंस. ज्या टेबलावर ते धुतलं, त्याच टेबलावर टेकवलेला ब्रश, तोच ओठांत. मशीन खोलीत ठेवायचंच असेल तर खिडकी उघड. धूळ बसली तर बसू दे, पुन्हा पुसता येते. आमच्या गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सुरू झाला की आम्ही लहान पोरांना अंगणात पिटाळतो, तुला किती वेळा पिटाळलं ते आठव.

तुझे आजोबा, आमचे आप्पा, ब्रश तोंडात घालायचे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू चार वर्षांचा असताना ते गेले. पेणमध्ये त्यांच्यासारखी आखणी करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. गणपतीचा डोळा आखताना ते श्वास धरायचे आणि त्याआधी ब्रश ओठांतून एकदा फिरवून काढायचे. त्या वेळी रंग सुट्टे, पुड्यांतून यायचे. लाल म्हणजे हिंगूळ, त्यात पारा. पांढऱ्यात शिसं असायचं. हे विष आहे असं कुणी म्हणत नव्हतं, आप्पा तर म्हणायचे देवाच्या रंगाने काय होतंय. साठीच्या आत त्यांच्या उजव्या हाताची बोटं वर उचलेनाशी झाली. डॉक्टरांनी विचारलं, रंग कुठले वापरता, तर दाखवायला आमच्याकडे एक डबासुद्धा नव्हता, सगळ्या कागदाच्या पुड्या. शेवटची तीन वर्षं ते बाजूला बसून मला सांगायचे आणि मी आखायची. भुवई जरा वर घे, अजून वर. हात त्यांचा मांडीवर तसाच पडलेला.

आपल्याच घरची गोष्ट आहे म्हणून अतिशयोक्ती वाटत असेल तर दुसरी सांगते. तुझ्या ताईने मला वाचून दाखवली होती. 1917 च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे काढायच्या. रंगात रेडियम. बारीक टोकासाठी ब्रश ओठांनी टोकदार करायला त्यांना कामावरच शिकवलेलं, अपाय नाही म्हणून सांगितलेलं. त्यांचे जबडे सडले. पाच जणी कोर्टात गेल्या, 1928 साली तडजोड झाली, तोवर कितीतरी गेल्या होत्या. त्याही तुझ्याच वयाच्या रे. त्यांनाही काम सुबक व्हावं एवढंच हवं होतं.

आणि तू राहतोस ते गाव तरी कसलं! नॉटिंगहॅमच्या आसपास हे शिपाई ओतणारे इतके धंदे की त्या भागाला 'लेड बेल्ट' म्हणतात, शिशाचा पट्टा, हे तूच हसत हसत सांगितलंस. शिपाई पूर्वी शिशाचे असायचे म्हणून. आता प्लॅस्टिक आलं, मान्य. पण तू दुसऱ्यांनी वापरून टाकलेले जुने धातूचे शिपाई स्वस्तात आणतोस, घासतोस, हेही मला माहीत आहे. घासायचे तर नळाखाली, ओले करून. नंतर हात साबणाने.

टोक काढायचं असेल तर डाव्या अंगठ्याच्या नखावर ब्रश तिरका धरून फिरव, फिरवत फिरवत मागे ओढ. मी चाळीस वर्षं तसंच करते. नाहीतर तुझ्या त्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद असतो ना, रंग सुकू नये म्हणून, त्याच्या कडेवर फिरव. (ती युक्ती मला आवडली. आम्ही वाटीवर ओलं फडकं टाकतो.) आणि ब्रश स्वस्तातले घेऊन टोक नाही म्हणून रडू नकोस. चांगला केसाचा ब्रश नुसत्या पाण्याने टोकावर येतो. आप्पांचा मुंगसाच्या केसांचा ब्रश अजून माझ्या पेटीत आहे, पण तो तुला पाठवणार नाही. त्यावर आता कायद्याने बंदी आहे, आणि बरंच झालं, एवढ्याशा रेषेसाठी मुंगसं मारायची म्हणजे काय.

आता बाबांनी सांगितलेलं रागावणं. खोटं कशाला बोलू, मला ते जमत नाहीये.

तुझ्या त्या खेळातले हिरवे ऑर्क मी फोटोत भिंग लावून पाहिले. अडतीस हजार वर्षांनंतरची लढाई आणि त्यात हे दातवाले हिरवे गुंड. लाल रंग दिला की गाडी जास्त पळते असा त्यांचा विश्वास असतो आणि विश्वासामुळेच ती खरंच पळते, हे तू सांगितलंस तेव्हा कारखान्यात सगळे हसले. मला नाही हसू आलं. आपला अख्खा धंदा कशावर उभा आहे? आणि तुझी रंगवायची रीतही आपलीच: पाणी घालून पातळ केलेले दोन हात, मग खाचांत सोडलेलं काळपट पाणी, मग ब्रश फडक्याला पुसून कोरडा करून नुसत्या उंचवट्यांवरून फिरवलेला. अरे, उंदराच्या अंगावरची लव आम्ही अशीच काढतो! पितांबराच्या चुण्या अशाच. कातडीचा हिरवा तू तीन छटांत नेला आहेस, कोपरावर फिका, काखेत गडद. ते तुला कुणी शिकवलं?

पण डोळे? चाळीस ऑर्क आणि एकालाही डोळे नाहीत. तुझ्या दुसऱ्या पलटणीला शिरस्त्राणं आहेत, डोळ्यांच्या जागी लाल काचा, ती मुद्दाम तशी निवडलीस ना? पळपुटा. तीस मिलिमीटरचा पुतळा, ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं, कबूल आहे. तरी डोळा टाळायचा नाही. दोन्ही कोपरं टेबलाला, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकव. आधी खोबण काळी कर, मग आत पांढरी आडवी रेघ, मग बुबुळाची उभी. ठिपका देऊ नकोस, ठिपका दिला की भेदरल्यासारखा दिसतो. आणि त्या वेळीच ब्रश तोंडाकडे जातो बरं का, श्वास धरताना. सांभाळ.

डोळ्यांचं निघालं म्हणून लिहिते. पाठवताना कदाचित हे पान काढून टाकीन.

1983 साल. चतुर्थीला दोन रात्री राहिलेल्या. मी एकोणीस वर्षांची, तुझे बाबा तेराचे. मुंबईच्या एका मंडळाची चार फुटी मूर्ती, सगळी तयार, फक्त आखणी बाकी. आप्पा दमून झोपले होते. मुलीच्या जातीने अंगाचा रंग द्यावा, शेडिंग करावं, आखणी पुरुषांनी, असं तेव्हा होतं. मी आप्पांचा ब्रश घेतला, त्यांच्यासारखाच ओठांतून फिरवला, आणि डावा डोळा असा उतरला की मीच घाबरले. उजवा बिघडला. एक डोळा भक्ताकडे, एक दाराकडे. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर खालचा अंगाचा रंगही निघाला.

सकाळी आप्पांनी विचारलं. मी म्हणाले, भाऊने हात लावला.

आप्पांनी त्याला लाकडी पट्टीने मारलं. पुन्हा ब्रशाला शिवलास तर कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही म्हणाले. तो माझ्याकडे बघत होता, बोलला नाही. तू बाबांना कधी मातीला हात लावताना पाहिलं आहेस? नाही ना. त्याआधी तो शाडूचे घोडे करायचा, टापा उचललेले, तीन पायांवर उभे. घरात सगळ्यांना वाटतं त्याला या धंद्याचा कंटाळा होता म्हणून पतपेढीत गेला. मग मी आखणी शिकले, नाव झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. आणि तुझा बाप "प्लॅस्टिकचे शिपाई" म्हणून ताट सरकवतो तेव्हा मला कळत नाही मी कुणाला रागवायचं.

त्याच्यासमोर मी तुझी बाजू घेतली, पण वेडीवाकडी. म्हटलं, अरे, परग्रहावरच्या स्वाऱ्यांची कादंबरी लिहिणारा तो एच. जी. वेल्स, त्याने 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं, जमिनीवर ठोकळ्यांची घरं मांडून खेळण्यातल्या तोफांनी शिपाई कसे पाडायचे त्याचं. आणि त्याचं म्हणणं असं की खऱ्या लढाईपेक्षा ही बरी. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध लागलं. भाऊ म्हणाला, "म्हणजे काही उपयोग झाला नाही."

खेळासाठी केलेली तुझी ती फोमची पडकी गिरणी मात्र मला फार आवडली. पहिल्या खेपेला निळ्या फोमवर थेट स्प्रे मारलास आणि भिंती मधाच्या पोळ्यासारख्या विरघळल्या, तेव्हा कुणाला फोन केलास? 2018 ला बंदी येईपर्यंत आपल्या गल्लीत थर्माकोलची मखरं व्हायची, सोनेरी स्प्रेने किती खांब विरघळवलेत आम्ही. आधी फेव्हिकॉलमध्ये काळा रंग कालवून हात द्यायचा, हे इथलं कुठलंही पोर सांगेल. तापल्या तारेने तो फोम कापतोस तेव्हाही धूर निघतो. पुन्हा सांगते, खिडकी. गंजाचे ओघळ छान उतरलेत. विटा एकेक कोरल्यास की छाप मारलास?

आठ वर्षांचा असताना दिवाळीचा किल्ला केला होतास. मावळे बाजारचे, बुरुजापेक्षा उंच. अळीव उगवलं, सगळी आळी बघायला आली आणि तू रडतोस, का, तर तोफ दरवाजातून जात नाही. रात्री अख्खी तटबंदी मोडलीस. आई ओरडली. बाबांनी गुपचूप कंदील धरला होता, आठवतं? मी माडीवरून पाहिलं होतं.

ती स्पर्धा आहे ना, 1987 पासून चालत आलेली, गोल्डन डेमन. सर्वांत वरच्या नंबराला तलवार मिळते म्हणालास. गणपतीच्या कारखान्यातलं पोर आणि बक्षीस सोन्याचा राक्षस! अर्ज भर खुशाल. प्रबंध आधी संपव, म्हणजे मला भाऊला तोंड दाखवता येईल. पण भर. आणि रात्री दोननंतर नको, दोननंतर हात आखत नाही, नुसता हलतो. हे मी 1983 पासून जाणते.

एक कर. डोळे नसलेला एक ऑर्क कापसात गुंडाळून माझ्यासाठी पाठव. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला जवळचं नीट दिसतं. बघते एक डोळा जमतो का. दुसरा तू आल्यावर कर.

इथे पाऊस लागून राहिला आहे, अंगाचे रंग सुकत नाहीत, हॅलोजन लावून बसलोय. राखीला भाऊ येईल. ते 1983 चं तेव्हा त्याला सांगीन म्हणते.

खिडकी उघड.

तुझी,
कुसुमआत्या

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भाऊ आला होता. तुझा तो फोटो, दोन पायांचा वाटोळा दातवाला प्राणी आणि त्यावर बसलेला ऑर्क, माझ्या मोबाइलवर बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत बसला. मी काही बोलले नाही. जाताना चपला घालत म्हणाला, "एवढं पुढे झुकलेलं जनावर दोन पायांवर उभं कसं राहतं? खाली वजन घातलंय का, विचार त्याला."