स्वयंसेवकांचें वार्तापत्र कसें टिकतें?

आपला हा अंक वर्षांतून एकदांच निघतो. तरीहि लेख वेळेवर हातीं येत नाहींत म्हणून आम्हां संपादकांची दरवर्षीं कशी त्रेधा उडते, हें तुम्ही जाणतांच. मग असेंच एखादें पत्र दर आठवड्यास काढावयाचें, त्याचे लेखक देशोदेशीं विखुरलेले, बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं, आणि त्या कामाचें वेतन कोणासच नाहीं, तर तें चालावें तरी कसें? अशीं पत्रें निघालीं आहेत; त्यांतील कांहीं बंद पडलीं, कांहीं टिकलीं. त्यांपैकीं दोहोंची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम थोडी ओळख. संगणकास काम करावयास लावणाऱ्या सूचनांस सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळ कंपन्या या सूचनांचा मूळ मजकूर गुप्त ठेवितात. ज्या सॉफ्टवेअरचा मजकूर उघडा असतो आणि जें कोणींहि वाचावें, सुधारावें व दुसऱ्यास द्यावें अशी मोकळीक असते, त्यास ओपन सोर्स असें नांव आहे. अशा कामांतील एक जुना व मोठा उद्योग म्हणजे डेबियन. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें तो ऑगस्ट १९९३ मध्यें आरंभिला, व आपल्या मैत्रिणीचें डेब्रा हें नांव आणि स्वतःचें नांव जोडून त्याचें बारसें केलें. १९९६ सालच्या आवृत्तींत ४७४ पॅकेजें, म्हणजे निरनिराळ्या उपयोगांचे सुटे संच होते. २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तींत ते ६४,००० हून अधिक झाले. हें सारें काम मुख्यतः स्वयंसेवकांनीं केलेलें आहे.

आतां पालकांनीं असें मनांत आणावें कीं, एका घरांत शेंकडों भाऊ नांदत आहेत, प्रत्येकाची खोली निराळी आहे, आणि सर्व बोलणें चिठ्ठ्यांनींच चालतें. छापखान्याच्या खोलींतल्यास टांकसाठ्याच्या खोलींत काय बदललें हें कळावयाचें तर सगळ्याच चिठ्ठ्या वाचल्या पाहिजेत. आणि त्या वाचीत बसला तर त्याचें स्वतःचें काम राहिलेंच. नव्यानें आलेल्याची तर अधिकच पंचाईत. तो दारांत उभा राहतो, आंतला गलबला ऐकतो आणि पुष्कळदां तसाच परत जातो.

ही अडचण ओळखून जोई हेस या डेबियनच्याच एका कार्यकर्त्यानें जानेवारी १९९९ मध्यें ‘डेबियन वीकली न्यूज’ हें साप्ताहिक सुरू केलें. आठवड्याचा पत्रव्यवहार वाचावा, त्यांतील महत्त्वाचें निवडावें आणि थोडक्या ओळींत सांगावें, एवढेंच त्याचें स्वरूप होतें. सुमारें दोन वर्षांनीं तें काम मार्टिन शुल्ट्से यांनीं अंगावर घेतलें व पुढें कित्येक वर्षें वाहिलें. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश इत्यादि भाषांत त्याचीं भाषांतरेंहि स्वयंसेवकच करीत.

असें असून २००७ सालीं तें साप्ताहिक थांबलें. बातम्या संपल्या होत्या असें मुळींच नाहीं. त्याच वर्षाच्या एप्रिलांत डेबियनची चौथी आवृत्ति बाहेर पडली होती. आमचें मत असें कीं, अशा पत्रास तोटा पडतो तो बातम्यांचा नव्हे, हातांचा. वाचकास दहा ओळी दिसतात. त्यांमागें संपादकाची सबंध संध्याकाळ गेलेली असते, आणि पुढील आठवड्यास तशीच दुसरी संध्याकाळ वाट पाहात असते. एप्रिल २००८ मध्यें ‘डेबियन प्रोजेक्ट न्यूज’ या नांवानें पत्र पुन्हां उभें राहिलें तें पाक्षिक म्हणून. आम्हांस हा शहाणपणाचा बेत वाटतो, जरी पुढें त्याच्याहि अंकांत अंतर वाढत गेलेंच.

आम्हीं पूर्वीं एका शाळेंत याचाच लहानसा नमुना पाहिला आहे. तेथें एक हुशार मुलगा भित्तिपत्रक चालवीत असे. लेख तोच मागे, तोच निवडी, तोच सुवाच्य अक्षरांत उतरून काढी. आम्ही शिक्षक त्याची वाहवा करीत असूं, आणि आमची चूक ती हीच. त्याची दहावीची परीक्षा आली तेव्हां राहिलेले लेख कोणाकडे आहेत हेंहि दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हतें. फळा वर्षभर कोरा राहिला.

याच्या उलट रीत रस्टच्या मंडळींची. रस्ट ही संगणकास सूचना लिहिण्याची एक भाषा आहे. तिची पहिली पक्की आवृत्ति मे २०१५ मध्यें आली. परंतु ‘धिस वीक इन रस्ट’ हें साप्ताहिक त्याच्याहि आधीं, जून २०१३ मध्यें, कोरी रिचर्डसन यांनीं सुरू केलें होतें. पुढें संपादक बदलले, पत्र चालूं राहिलें. जून २०२३ मध्यें त्याचा पांचशेंवा अंक निघाला. दहा वर्षांचे आठवडे सुमारें ५२०. म्हणजे खाडे किती थोडे झाले याचा हिशेब तुम्हीच करा.

या पत्राचा पुढील अंक आधींच, ठरलेले मथळे घालून, उघडा ठेविलेला असतो. ज्यास कांहीं सांगावयाचें असेल त्यानें योग्य मथळ्याखालीं एक ओळ स्वतः घालून पाठवावयाची. संपादकानें ती पाहावयाची आणि स्वीकारावयाची. संपादकास बातमीच्या शोधांत हिंडावें लागत नाहीं, आणि ओळ धाडणाऱ्याचीं पांच मिनिटेंच मोडतात. एक मथळा तर केवळ नवख्यांकरितां आहे: कोणत्या उद्योगांत त्यांस झेपेल असें कोणतें काम पडून आहे, तें तेथें दिलेलें असतें. दारांत उभा असलेल्यास आंत बोलावण्याची ही सोय आम्हांस फार आवडली.

या रीतींत कांहींच गमावलेलें नाहीं असें मात्र समजूं नये. ओळींची यादी म्हणजे निवेदन नव्हे. दोन पक्षांचा वाद कोठें अडला व कां अडला, हें सर्व वाचून शांतपणें सांगणारा माणूस यादींत सांपडत नाहीं. जुन्या साप्ताहिकाच्या परिच्छेदांची गोडी आम्हांस अजूनहि अधिक वाटते. पण तशी गोडी दर आठवड्यास कोणाकडून तरी फुकट मागणें म्हणजे त्याच्या संध्याकाळींवर हक्क सांगणें होय, आणि तो हक्क आपणांस कोणीं दिला?

रस्टच्या पत्रांत दर आठवड्यास एक उल्लेखनीय संच निवडण्याची चाल आहे. वाचकांनीं नांवें सुचवावयाचीं, आणि ज्याची सूचना मान्य झाली त्याचे नांव घेऊन आभार मानावयाचे. कधीं कधीं कोणाचीच सूचना येत नाहीं. तेव्हां निवड करणारे गृहस्थ रुसून जागा कोरी ठेवीत नाहींत. यंदा कोणीं कांहीं सुचविलें नाहीं, तथापि आपण आपल्या निवडीवर खूष आहों, असें त्याच जागीं छापतात, आणि पुढील आठवड्यासाठीं सूचना पुन्हां मागतात.