मणक्याला इन्फेक्शन : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

‘मणक्यात पू दिसतोय, अ‍ॅडमिट करा’ हे ऐकलं की घरातला पहिला प्रश्न ऑपरेशनचा असतो आणि दुसरा, किती लाख. दोन्ही रास्त, पण जरा लवकरचे. या आजाराचं बिल दोन गोष्टींवर ठरतं : जंतू कोणता, आणि मणका किती खचलाय. ही उत्तरं हातात येण्याआधी कुणी पॅकेजचा आकडा सांगितला, तर तो अंदाजपंचे समजावा.

आधी तपासण्या. पुढचे आकडे शहरांतल्या मध्यम खासगी रुग्णालयांचे ढोबळ अंदाज आहेत. कॉर्पोरेट रुग्णालयात ते सहज दुप्पट होतात. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या काही शे रुपयांत होतात. औषध टाकून केलेला मणक्याचा एमआरआय ६ ते १२ हजार. ब्लड कल्चरचे दोन संच प्रत्येकी हजार-दीड हजार. सीटीखाली सुई घालून मणक्यातून नमुना काढायला, म्हणजे बायोप्सीला, १० ते २० हजार. ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही, असं धरू नका. निम्म्याअधिक रुग्णांना ताप नसतोही. रात्री झोपू न देणारी आणि आडवं पडूनही न थांबणारी पाठदुखी असेल, त्यात मधुमेह, डायलिसिस किंवा नुकतंच झालेलं एखादं ऑपरेशन असेल, तर चारशे-पाचशे रुपयांच्या सीआरपीने सुरुवात करणं शहाणपणाचं.

बायोप्सीचा खर्च ऐकून नातेवाईक कचरतात आणि ‘सुई नको, गोळ्या चालू करा’ म्हणतात. पैसे वाचवायची ही सगळ्यात चुकीची जागा. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर, त्यामुळे एमआरआय पाहूनच टीबीची औषधं सुरू होण्याचे प्रकारही भरपूर. प्रत्यक्षात निघतो स्टॅफिलोकोकस ऑरियस, नाहीतर लघवीच्या इन्फेक्शनमधून आलेला ई-कोलाय. उलटही होतं. लिव्होफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड ही अँटिबायोटिकं टीबीच्या जंतूवरही चालतात. ती आधी दिली की थोडं बरं वाटतं आणि निदान धूसर होतं. पायातली ताकद शाबूत असेल आणि रक्तदाब घसरत नसेल, तर आधी नमुना आणि मग अँटिबायोटिक हा क्रम आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे.

नमुना काढायच्या आधी एवढं विचारून घ्या : तो किती डब्यांत जाणार? सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये बुडवला, तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो, पण कल्चर संपलं. जंतू डब्यातच मरतात. एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक डब्यात कोरडा किंवा सलाईनमध्ये हवा. त्या दुसऱ्या भागातून साधं कल्चर, टीबीचं कल्चर आणि सीबीनॅट ही टीबीची जलद तपासणी होते. सीबीनॅट सरकारी केंद्रात मोफत आहे. घरी गुरं असतील, कच्चं दूध पिण्यात असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. गुरांकडून येणारा ब्रुसेला हा जंतूही मणक्यात बसतो आणि त्याची औषधं वेगळी.

आता मणका किती खचलाय ते. २०१७ साली इटलीतल्या एन्रिको पोला आणि सहकाऱ्यांनी पू करणाऱ्या जंतूंच्या मणक्यातल्या इन्फेक्शनची ए, बी, सी अशी वर्गवारी मांडली. सगळेच सर्जन ही नावं वापरत नाहीत, पण बिलाचा अंदाज घ्यायला ती फार सोयीची आहेत.

ए प्रकारात चकती आणि शेजारचं हाड सुजलेलं असतं, पण मणका स्थिर असतो, नसांना धक्का नसतो. उपचार म्हणजे अँटिबायोटिक आणि कडक पट्टा. तयार टेलर ब्रेस दोन-चार हजारांत मिळतो. मापाने बनवलेला पट्टा दहा हजारांपुढे जातो. या प्रकारात कुणी स्क्रू सुचवले, तर का, हे विचारा आणि दुसरं मत घ्या.

बी प्रकारात हाड झिजलेलं किंवा मणका डळमळीत झालेला असतो, मात्र नसा शाबूत असतात. इथे खरी निवड असते : काही महिने पट्टा, नाहीतर छोट्या छिद्रांतून स्क्रू-रॉड. ऑपरेशनचा खर्च दोन-तीन लाखांपासून सुरू होतो आणि त्यातला मोठा वाटा इम्प्लांटचा असतो. पट्टा स्वस्त, पण हातावर पोट असलेल्याची तेवढ्या महिन्यांची बुडालेली मजुरी कुठल्याच एस्टिमेटमध्ये लिहिलेली नसते. तीही मांडून मग ठरवा. इम्प्लांटची कंपनी आणि किंमत एस्टिमेटवर वेगळी लिहून मागा.

सी म्हणजे मज्जारज्जूभोवती पू, किंवा नसांवर परिणाम. नुसता पू असेल आणि ताकद पूर्ण असेल, तर कडक देखरेखीत औषधांवर राहता येतं. पण पाय लुळे पडू लागले, लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, तर त्या रात्री तीन रुग्णालयांचे दर विचारत फिरू नका. मणक्याचे सर्जन आणि आयसीयू असलेलं जवळचं ठिकाण गाठा.

औषधांच्या खर्चात सगळ्यात मोठी तफावत जंतूच्या नावाने पडते. साध्या स्टॅफिलोकोकसवर सेफाझोलिनसारखं जुनं, स्वस्त इंजेक्शन चालतं. तोच जंतू एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा, निघाला, तर व्हॅन्कोमायसिन किंवा टायकोप्लॅनिन लागतं आणि डॅप्टोमायसिनवर गेलात, तर रोजचा खर्च हजारांत. कल्चर नसेल, तर डॉक्टरांना सगळंच झाकणारं महागडं मिश्रण द्यावं लागतं. म्हणून बायोप्सीचे पंधरा हजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच वसूल होतात.

किती दिवस? २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या फ्रेंच चाचणीत ३५१ रुग्णांवर ६ आणि १२ आठवड्यांची तुलना झाली आणि निकाल सारखेच निघाले. मोठा पू न काढता राहिला असेल किंवा जंतू चिवट असेल, तर मुदत वाढते. २०१९ च्या ब्रिटिश ‘ओव्हिवा’ चाचणीत हाडांच्या इन्फेक्शनमध्ये पहिल्या आठवड्यानंतर योग्य गोळ्याही इंजेक्शनइतक्याच उपयोगी पडल्या. त्यामुळे ‘सहा आठवडे अ‍ॅडमिट’ ऐकलं, तर गोळ्यांवर जाता येईल का किंवा दिवसातून एकदाचं इंजेक्शन गावच्या दवाखान्यात घेता येईल का, हे विचारा. खाटेचं भाडं औषधापेक्षा महाग पडतं.

टीबी निघाला, तर चित्र पालटतं. औषधं साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त. पण ती सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, उपचार खासगी डॉक्टरांचे असले तरी. त्या कार्यक्रमाच्या ‘नि-क्षय’ पोर्टलवर नोंदणी करून घ्या. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात.

ऑपरेशन ठरत असेल, तर डिपॉझिट भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण रुग्णालय योजनेत हवं आणि शस्त्रक्रिया यादीत हवी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

मेडिक्लेम असेल, तर खोलीच्या भाड्याची मर्यादा पाहा. ती ओलांडली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचे खर्चही त्या प्रमाणात कापले जातात. पट्ट्याचे पैसे बऱ्याचदा मिळत नाहीत. घरी आल्यावरची औषधं मात्र पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरलेला असेल, तर बहुतेक त्यात बसतात. प्रिस्क्रिप्शन आणि पक्की बिलं जपा.

एक खर्च बहुतेकांना टाळता येतो : दर महिन्याचा एमआरआय. रुग्ण सुधारत असताना फोटोत हाड आणखी खराब दिसू शकतं आणि घरात नाहक घबराट होते. दुखणं कमी होतंय आणि सीआरपी उतरतोय, एवढं बहुधा पुरतं. सीआरपी उतरायचं थांबला किंवा दुखणं पुन्हा वाढलं, तर मात्र एमआरआयचे पैसे मोजायलाच हवेत.