पैसे भरण्याआधी

चि. मुक्ता,

सात दिवसांत स्वीकृतीचं पत्र देणाऱ्या त्या जर्नलला तू पेपर पाठवलास आणि आता ते पैसे मागताहेत, हे कळल्यापासून मला चैन नाही. पैसे भरू नकोस.

2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स' या नियतकालिकासाठी एक खोटा पेपर रचला. दगडफुलातला एक रेणू कर्करोगाच्या पेशींना रोखतो, असा त्यात दावा होता आणि रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही दिसाव्यात अशा ढोबळ चुका होत्या. त्याने तो 304 नियतकालिकांकडे पाठवला. 157 जणांनी स्वीकारला. भारतातल्या 64 नियतकालिकांनी होकार दिला, नकार फक्त 15 जणांनी. हे आकडे मला आजही टोचतात. त्या पेपरवर विसंबून कुणी पुढचे प्रयोग केले असते, तर त्याची वर्षं आणि सरकारचा पैसा वाया गेला असता. तुझी चूक छापून येण्याआधी परक्या नजरेने पकडली जावी, म्हणून तर परीक्षण असतं. सात दिवसांत ते कोण करणार?

'यूजीसीच्या यादीत नाव होतं' असंही आता म्हणता येणार नाही. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये यूजीसीची जुनी यादी तपासली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही मान्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असं त्यांना आढळलं. पुढे यूजीसीचीच 'केअर' यादी आली, तीही 2025 मध्ये बंद झाली. पारख आता तुलाच करायची आहे. आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर विचार. आपलं नाव तिथे आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी असलेल्या 'कोप' या संस्थेचं सदस्यत्व सांगत असतील तर 'कोप'च्या स्वतःच्या यादीत पाहा. आणि त्यांचे जुने दोन पेपर नीट वाच. मी तर आधी तेच करते.

विभागप्रमुखांचं नाव लेखकांत घालायला सांगितलंय म्हणालीस. ज्यांनी काम केलं नाही, मसुदा वाचला नाही, त्यांची जागा आभारात. उद्या आकडेवारीवर प्रश्न आला, तर उत्तर लेखकाने द्यायचं असतं. हे गाइडशी बोलून घे, एकटी अंगावर घेऊ नकोस.

घाई प्रबंधासाठी असेल, तर आधी विद्यापीठाचे नियम वाच. 2022 पासून यूजीसीची पेपरची सक्ती नाही.

आजच ई-मेल पाठव: पेपर मागे घेते आहे, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केलेली नाही. मागे घ्यायचेही ते पैसे मागतील, देऊ नकोस. लेखी उत्तर येईपर्यंत पेपर दुसरीकडे पाठवू नकोस, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं हाही गैरप्रकारच. उत्तर आलंच नाही, तर नव्या संपादकांना पहिल्याच पत्रात सगळा पत्रव्यवहार जोड.

तुझी,
आत्या