संगणक तबकडीवरून सुरू कां होत नाहीं?

नवी कार्यप्रणाली बसविण्यासाठीं संगणकांत तबकडी घालावी आणि पडद्यावर नकार यावा, हा अनुभव पुष्कळांस येतो. यंत्र बिघडलें असें समजून तें लगेच दुकानीं नेण्याची घाई करूं नये. दोष पुष्कळदां तबकडींतच असतो.

वीज मिळतांच मदरबोर्डवरील एक लहानसा प्रोग्राम जागा होतो. १९९५ सालच्या ‘एल टोरिटो’ संकेताप्रमाणें तो तबकडीचा १७ क्रमांकाचा खंड वाचतो. प्रत्येक खंड २०४८ बाइटांचा असून मोजणी शून्यापासून असते. आरंभाचा मजकूर कोठें आहे, याचा पत्ता तेथूनच लागतो. आतां उतरवून घेतलेली ‘आयएसओ’ फाईल कोणी साध्या फाईलीप्रमाणेंच तबकडीवर ठेवली, तर तो पत्ता फाईलीच्या पोटांतच राहतो. ठरल्या जागीं यंत्रास कांहींच आढळत नाहीं. परीक्षा सोपी आहे. दुसऱ्या संगणकांत तबकडी उघडावी; एकच मोठी फाईल दिसली, तर नव्या तबकडीवर ती ‘इमेज’ म्हणून लिहावी.

अनेक फोल्डर दिसल्यास मात्र बायोसमध्यें तबकडीचा क्रम हार्ड डिस्कच्या आधीं आहे ना, हें पाहावें. विंडोजच्या तबकड्या बहुधा प्रथम एखादी कळ दाबावयास सांगतात. ती वेळीं न दाबल्यास यंत्र निमूटपणें जुन्या डिस्ककडे वळतें! आरंभ होऊन मध्येंच थांबल्यास ओरखडे पाहावे, व फाईलीचा ‘एसएचए-२५६’ अंक प्रसिद्ध केलेल्या अंकाशीं ताडून पाहावा.

आणि तबकडी एकदां चालूं लागली, कीं शेवटचा होकार देण्यापूर्वीं घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून ठेविलीं आहेत ना, हें वडील मंडळींस अवश्य विचारावें; पुसलेली डिस्क सहसा परत मिळत नाहीं.